'टू मेनी ओपन फाइल्स': मर्यादा वाढवायची की गळती शोधायची?

रूटवाला
लिनक्स सर्व्हरवर 'टू मेनी ओपन फाइल्स' (फार फाइल्स उघड्या) हा एरर दिसला की लोक लगेच कोड उसवायला बसतात. का? प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) उघड्या फाइल्ससाठी मिळणारी १०२४ ची सॉफ्ट (प्रत्यक्ष लागू होणारी) मर्यादा आजच्या वेब सर्व्हरला तोकडीच आहे. प्रत्येक सॉकेट (नेटवर्क कनेक्शनचं टोक) एक डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा क्रमांक) खातं, मध्ये प्रॉक्सी (मधला दलाल सर्व्हर) असेल तर एका ग्राहकामागे दोन. लिमिट्स.कॉन्फमध्ये (मर्यादांच्या सेटिंग फाइलमध्ये) ६५५३५ टाका आणि मोकळे व्हा.

चहाबिस्किट
मोकळे कसले! ती फाइल पॅम (लॉगिन सांभाळणारी यंत्रणा) वाचतं, तेही लॉगिनच्या वेळी. सिस्टमडीने (सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थापकाने) सुरू केलेली सेवा तिकडे फिरकतही नाही. म्हणून टर्मिनलवर 'यूलिमिट -एन' (मर्यादा दाखवणारी कमांड) ६५५३५ दाखवतं आणि सेवा मात्र १०२४ वरच आपटते. 'सिस्टमसीटीएल एडिट' करून [सर्व्हिस] खाली लिमिटनोफाइल=६५५३५ लिहा, रीस्टार्ट करा आणि /प्रॉक/पीआयडी/लिमिट्स (पीआयडी म्हणजे प्रोसेसचा क्रमांक) उघडून बघा. खरा आकडा तिथेच.

आणि त्याआधी /प्रॉक/पीआयडी/एफडी (उघडे डिस्क्रिप्टर) मधल्या नोंदी दर ५ मिनिटांनी मोजा. वर्दळ ओसरली की आकडा उतरतो? मग मर्यादा तोकडी. मध्यरात्री सामसूम असतानाही चढतोय? गळती, म्हणजे उघडलेलं बंदच होत नाही. 'क्लोज-वेट' सॉकेट्स साचली असतील तर समोरच्याने कनेक्शन सोडलंय, आपला प्रोग्राम क्लोज करायला विसरलाय. अशा वेळी मर्यादा ६४ पट केलीत, तर गळतीच्या त्याच वेगाने सेवा ६४ पट उशिरा पडेल, इतकंच.

रूटवाला
लिमिट्स.कॉन्फचं मान्य. पण सेवा पडलेली असताना दर ५ मिनिटांनी मोजत बसायचं? 'पीआरलिमिट' चालू प्रोसेसचीच मर्यादा वाढवतं, रीस्टार्ट लागत नाही. आधी आग विझवा.

चहाबिस्किट
विझवा की. फक्त रीस्टार्ट मारून पुरावा घालवू नका. आणि मोजायला एलएसओएफच्या (उघड्या फाइल्सची यादी देणाऱ्या कमांडच्या) ओळी धरू नका, त्यात मॅप केलेल्या लायब्रऱ्या आणि चालू डिरेक्टरीही येतात, आकडा फुगतो.

शून्यमार्ग
दोघांनाही एक सांगतो, लिमिटनोफाइलला 'इन्फिनिटी' (अमर्याद) लिहू नका. काही जुने प्रोग्राम सुरू होताना मर्यादेपर्यंतचा प्रत्येक डिस्क्रिप्टर एकेक करून बंद करतात. मर्यादा अब्जाच्या घरात गेली की सीपीयू त्यातच गुंतून पडतो. शिवाय 'सिलेक्ट' (अनेक डिस्क्रिप्टरवर नजर ठेवणारा जुना कॉल) वापरणाऱ्या प्रोग्रामला १०२३ च्या पुढचा डिस्क्रिप्टर झेपत नाही, मेमरीची नासाडी होते. म्हणूनच सिस्टमडी २४० (२०१८) ने हार्ड मर्यादा (सॉफ्ट जिथवर वाढवता येते ती कमाल) ५,२४,२८८ केली, पण सॉफ्ट १०२४ वरच ठेवली.

आणि एफडी मोजून जेमतेम ४० निघाले, तरी हाच एरर? मग आयनोटिफाय (फाइल्समधले बदल कळवणारी कर्नलची सोय) तपासा. मॅक्स_यूजर_इन्स्टन्सेस (एका यूजरला किती आयनोटिफाय उघडता येतात ती मर्यादा) बहुतेक ठिकाणी १२८ असतं आणि ते संपलं तरी कर्नल हाच निरोप देतो. तिथे लिमिटनोफाइल कितीही वाढवा, ढिम्म फरक पडत नाही.