लीग टूचा सेंटर बॅक: भरवशाची नोकरी की वर्षावर्षाचा जुगार?

पाचवा_बचावपटू (धागाकर्ता)

इंग्लिश फुटबॉलवरच्या आपल्या गप्पा प्रीमियर लीगच्या २० क्लबांपाशीच संपतात. त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू असे तीन थर आहेत, प्रत्येकी २४ क्लब. म्हणजे आणखी ७२ व्यावसायिक संघ. माझं म्हणणं असं, की या खालच्या थरांत पंधरा वर्षं सेंटर बॅक (गोलसमोरचा मधला बचावपटू) म्हणून काढणं ही फुटबॉलमधली सगळ्यात टिकाऊ नोकरी आहे आणि तिला उगाच कमी लेखलं जातं.

हंगामात लीगचे ४६ सामने असतात. वर एफए कप, लीग कप, आणि लीग वन-टूच्या क्लबांना ईएफएल ट्रॉफीचे गटातले तीन तरी. कडेने चढाई करणारा विंगर साठ-सत्तर मिनिटांनी बाहेर येतो. सेंटर बॅक मात्र दुखापत किंवा लाल कार्ड सोडलं तर नव्वद मिनिटं आत, आणि जमलेली जोडी कुठलाही मॅनेजर सहसा मोडत नाही. बॅक थ्री, म्हणजे मागे तीन सेंटर बॅक घेऊन खेळणाऱ्या क्लबला तर पाच-सहा सेंटर बॅक पगारावर ठेवावेच लागतात. शिवाय खालच्या लीगमध्ये कामही ठरलेलं: पहिला बॉल डोक्याने जिंकायचा, दुसऱ्यासाठी (त्या टकरीतून सुटलेल्या बॉलसाठी) योग्य जागी उभं राहायचं, लांब थ्रो-इनवर माणूस सोडायचा नाही. हे सगळं तिशीनंतर सुधारतं.

उदाहरण हवं तर ग्रॅहम अलेक्झांडर. स्कन्थॉर्प, ल्यूटन, प्रेस्टन, बर्नली. हजाराहून जास्त व्यावसायिक सामने. स्कॉटलंडकडून पहिला सामना २००२ मध्ये, वयाच्या तिशीत. पुढे असे एकूण ४०. प्रीमियर लीगमध्ये पाऊल टाकलं ऑगस्ट २००९ ला, वय ३७. पुढे मॅनेजर म्हणून २०२५ मध्ये ब्रॅडफर्ड सिटीला लीग टूमधून वर काढलं.

करार_वाचणारा

असहमत. पहिली गोष्ट, अलेक्झांडर राइट बॅक (उजव्या कडेचा बचावपटू) होता, बर्नलीत तर बराच काळ मिडफिल्डमध्ये. त्यात पेनल्टी मारणारा, शंभरावर गोल केलेला माणूस. त्याच्यावरून सेंटर बॅकचं गणित मांडणं म्हणजे सचिनवरून रणजी खेळाडूचा पगार काढण्यातला प्रकार.

आता पैशाचं बघू. समजा लीग टूमधल्या एखाद्याला आठवड्याला १,५०० पौंड मिळतात. वर्षाचे झाले ७८,०००. आताच्या दरांनी पहिल्या १२,५७० वर कर नाही, ५०,२७० पर्यंत २० टक्के, त्यापुढे ४०. आयकर १८,६३२ आणि नॅशनल इन्शुरन्स साधारण ३,५७०. हातात उरतात ५५,८०० च्या आसपास, म्हणजे महिन्याला ४,६५०. एजंट आणि पेन्शन अजून धरलेलंच नाही. नोकरी म्हणून वाईट नाही, मान्य. पण ती पस्तिशीत संपते आणि बहुतेक वेळा एका वर्षाच्या कराराने चालते.

करार ३० जूनला संपतो. लीग मेच्या सुरुवातीला आटोपते आणि त्याच महिन्यात क्लब कोणाला ठेवणार, कोणाला सोडणार याची यादी लावतो. त्या दोन-तीन आठवड्यांत शेकडो खेळाडू एकदमच बाजारात येतात. अनेक करारांत ‘एक वर्ष आणि पुढच्या वर्षाचा पर्याय’ असं असतं, तो पर्याय क्लबच्या हातात. काहींत ठराविक सामने सुरुवातीपासून खेळले की करार आपोआप वाढतो. मग आकडा दोन-तीन सामन्यांवर आला की खेळाडू अचानक बाकावर दिसायला लागतो. याला टिकाऊ नोकरी म्हणायचं?

पाचवा_बचावपटू

अलेक्झांडरचा मुद्दा घेतो, तो फुल बॅक, म्हणजे कडेचा बचावपटू होता. पण वयाचा मुद्दा त्याने मोडत नाही. फुल बॅकला सेंटर बॅकपेक्षा जास्तच पळावं लागतं.

कराराचं म्हणाल तर २४ चा नियम विसरलात. चोविशीच्या आतल्या खेळाडूला क्लबने आधीपेक्षा कमी नसलेला करार देऊ केला आणि तो तरीही गेला, तर जुन्या क्लबला भरपाई मिळते. जमलं नाही तर रक्कम समिती ठरवते. चोविशीनंतर तो पूर्ण मोकळा. नव्या क्लबचे जे पैसे ट्रान्सफरमध्ये गेले असते, ते पगारात किंवा सही करण्याच्या रकमेत वळवता येतात. अनुभवी बचावपटू दर एक-दोन वर्षांनी क्लब बदलतो ते दर वेळी हाकलल्यामुळे नव्हे.

डाव्या_पायाचा

‘तिशीनंतर सुधारतं’ हे अर्धंच खरं. कुठे बिघडतं ते मैदानावरच बघा.

समोरच्या गोलरक्षकाची लांब गोल किक येते. गोल किकवरून थेट बॉल मिळाला तर ऑफसाइड नसतो, त्यामुळे आघाडीवीर बचावरेषेच्या मागेही उभा राहू शकतो. म्हणून एका सेंटर बॅकने हेडरला जायचं आणि दुसऱ्याने आठ-दहा यार्ड मागे सरकून आधार द्यायचा. दोघेही उडाले आणि बॉल डोक्यांना चाटून मागे गेला, की तिथे कोणीच नसतं. थ्रो-इनचंही तेच. लांब थ्रोवर लाइन वर काढून सुटका होत नाही, कारण तिथेही थेट मिळालेल्या बॉलला ऑफसाइड नाही. नजर बॉलवर खिळली की अंगाला लागून असलेला माणूस जवळच्या पोस्टकडे सटकतो. एवढं अनुभवाने येतं, कबूल.

पण चॅनलमधल्या, म्हणजे फुल बॅक आणि सेंटर बॅक यांच्या मधल्या पट्ट्यातल्या बॉलचं काय? फुल बॅक वर गेलेला, बॉल त्याच्या डोक्यावरून कॉर्नरकडे. आता सेंटर बॅकला बाजूला पंचवीस-तीस मीटर धावायचंय, तेही स्वतःच्या गोलकडे तोंड करून. ३३ वर्षांच्या माणसाला हे जमेनासं झालं की तो सुरुवातीलाच पाच यार्ड मागे उभा राहतो. मग त्याच्या आणि मिडफिल्डच्या मध्ये फट पडते, दुसरा बॉल समोरच्यांच्या पायात जातो आणि अख्खा संघ मागे ढकलला जातो. प्रेक्षकांना वाटतं मिडफिल्ड ढिसाळ आहे. मॅनेजरला कारण कळतं, आणि जानेवारीत प्रीमियर लीग क्लबचा २० वर्षांचा पोरगा लोनवर (उसना) येतो. त्याच्या पगारातला वाटा मूळ क्लब उचलतो, काही वेळा पोरगा खेळला नाही तर जास्त पैसे मोजावे लागतील अशी अट असते. जागा कोणाची जाणार?

डाव्या पायाचा सेंटर बॅक मात्र कायम मागणीत. उजव्या पायाचा डावीकडे खेळला की बॉल अंगावर आत घ्यावा लागतो, प्रेस करणारा (बॉल हिसकावायला अंगावर येणारा) त्याला साइडलाइनकडे कोंडतो आणि पुढचा पास दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. तेव्हा ‘सेंटर बॅक’ असा एक बाजार नाहीच. डाव्या पायाचा वेगळा, बाकीचे वेगळे.

मेंदूज्वर

पगारावर एवढी चर्चा आणि डोक्याचा विषय कोणीच काढला नाही? ग्लासगोचा अभ्यास २०१९ चा. ७,६७६ माजी स्कॉटिश व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. डिमेन्शियासारख्या मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मृत्यू होण्याचं प्रमाण सर्वसामान्यांच्या साधारण साडेतीन पट निघालं. २०२१ मध्ये त्याच गटाने जागेनुसार फोड केली: गोलरक्षकांत लक्षणीय वाढ नाही, बचावपटूंमध्ये सुमारे पाचपट. पंधरा वर्षांहून जास्त खेळलेल्यांतही साधारण पाचपट. धागाकर्त्याची ‘पंधरा वर्षांची टिकाऊ नोकरी’ नेमकी या दोन्ही गटांत बसते.

पाचवा_बचावपटू

अभ्यास महत्त्वाचा आहे, पण ते खेळाडू १९७६ पर्यंत जन्मलेले. बरेचसे पाणी पिऊन जड होणाऱ्या चामडी बॉलच्या काळातले. आणि हेडरमुळेच हे होतं असं त्या नोंदींवरून सिद्ध होत नाही, फक्त संबंध दिसतो. जुलै २०२१ पासून इंग्लंडमध्ये व्यावसायिक क्लबांना मार्गदर्शक मर्यादा आहे: सरावात आठवड्याला जास्तीत जास्त १० जोरदार हेडर. ३५ मीटरहून लांबचे पास, क्रॉस, कॉर्नर, फ्री किक असे सगळे त्यात धरतात.

मेंदूज्वर

बॉलचा मुद्दा टिकत नाही. जन्मदशकानुसार पाहिलं तेव्हा नंतरच्या खेळाडूंमध्ये धोका घटलेला दिसला नाही. कारण सिद्ध नाही हे खरं, पण गोलरक्षक आणि बचावपटू एकाच ड्रेसिंग रूममध्ये राहतात, तेच खातात, तेवढाच प्रवास करतात. मग फरक कशाचा? आणि मर्यादा सरावाला आहे, सामन्याला नाही. वाऱ्याच्या दिवशी दोन्हीकडून लांब किक चालू असल्या, तर एका अर्ध्या तासातच आठवड्याचा कोटा संपेल.

कराचीवाला_नव्हे_कार्लाइलवाला

दोन्ही बाजूंनी चांगलं. एक भर: प्रवास. प्लिमथ ते कार्लाइल एका बाजूने सुमारे ३९० मैल. शनिवार-मंगळवार असा क्रम असतो तेव्हा सावरायला मधले दोनच दिवस, त्यातही पहिला पाय मोकळे करण्यात जातो. ताणलेल्या हॅमस्ट्रिंगला बस काही माफ करत नाही. बाकी चालू द्या.

फातोर्डा_पूर्व_स्टँड

पस्तिशीत संपते म्हणणाऱ्यांनी आपल्याकडेच बघावं. २०१३ मध्ये बेंगळुरू एफसी उभा राहिला तेव्हा प्रशिक्षक होता अ‍ॅशली वेस्टवूड, स्वतः इंग्लंडच्या खालच्या विभागांत खेळलेला बचावपटू. त्याने नॉर्दॅम्प्टनचा जॉन जॉन्सन आणि ल्यूटनकडून खेळलेला कर्टिस ओसानो असे दोन बचावपटू आणले. पहिल्याच हंगामात आय-लीग जिंकली, आणि ती पक्की झाली एप्रिल २०१४ मध्ये आमच्या गोव्यातल्या फातोर्ड्यावर, डेम्पोला हरवून.

अलीकडचा सेंटर बॅक टॉम ऑल्ड्रेड. बोल्टनमध्ये जन्म, मग कार्लाइल, अ‍ॅक्रिंग्टन. ब्लॅकपूलबरोबर २०१७ ची लीग टू प्लेऑफ जिंकली. नंतर ‘बरी’ नावाचा क्लब, मदरवेल, पाच हंगाम ब्रिस्बेन रोअर. आणि २०२४ मध्ये मोहन बागान, जिथे पहिल्याच हंगामात आयएसएलची (इंडियन सुपर लीगची) शील्ड आणि कप दोन्ही, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. लीग टूची शिदोरी बाहेर चालते ती अशी.

करार_वाचणारा

चालते, पण किती जणांची? आयएसएलमध्ये क्लबला परदेशी सहा आणि मैदानावर एका वेळी चारच. त्यातही बहुतेक क्लब आधी गोल करणारे घेतात.

आणि तुम्हीच घेतलेलं ‘बरी’ हे नाव बघा. ऑल्ड्रेड तिथून वेळेत बाहेर पडला. क्लब २०१९ च्या वसंतात लीग टूमधून वर गेला आणि २७ ऑगस्टला लीगमधून हाकलला गेला. खेळाडूंचे पगार त्याआधीच थकले होते. ट्रान्सफरची खिडकी बंद व्हायला तेव्हा आठवडाही उरला नव्हता, आणि बाकीच्या क्लबांचं बजेट ऑगस्टअखेरपर्यंत संपलेलं असतं. मोकळ्या खेळाडूला खिडकीनंतरही सही करता येते, पण मिळेल त्या भावात. पुढच्याच वर्षी मॅकल्सफील्ड टाउन दिवाळखोरीत गुंडाळला गेला.

पाचवा_बचावपटू

बरी बुडाला तो मालकाच्या व्यवहारामुळे. त्याचा सेंटर बॅकच्या जागेशी काय संबंध? तिथे आघाडीवीरही रस्त्यावर आले. आणि खेळाडूंची बाजू मांडणारी संघटना आहे, पीएफए, १९०७ पासून. २०२० मध्ये लीग वनला २५ लाख आणि लीग टूला १५ लाख पौंडांची पगारमर्यादा लावली, ती याच पीएफएने लवादात नेऊन फेब्रुवारी २०२१ मध्ये रद्द करून घेतली. शिक्षणाला मदत करते. फिजिओथेरपीची पदवी घेऊन क्लबातच परतलेले माजी खेळाडू आहेत.

डाव्या_पायाचा

निश्चित मर्यादा गेली, पण उलाढालीच्या प्रमाणात पगार बांधणारा नियम आहेच. लीग टूचा क्लब तिकिटांवर जगतो, त्यामुळे खाली घसरला की बचावपटूचा पगार आधी कापला जातो. ती कपात किती, हे करारात आधीच लिहिलेलं असतं आणि सही करताना सगळे बढतीच्या बोनसचंच पान वाचतात.

एजंटने आणखी तीन गोष्टी बघाव्यात: आपोआप वाढीचा आकडा ‘सुरुवातीपासून’ मोजतात की बदली म्हणून आलेलेही धरतात, दुखापतीत सामन्यागणिक मिळणारे पैसे बंद झाले तर मूळ पगारात घर चालतं का, आणि जानेवारीत लोनवर पाठवलं तर घरभाडं कोण भरणार.

मेंदूज्वर

चौथी: हंगामाआधी मेंदूच्या चाचणीची नोंद करतात, म्हणजे डोक्याला मार लागल्यावर तुलना करायला काहीतरी असतं. क्लब बदलताना त्याची प्रत स्वतःकडे मागून घ्यावी. दर वर्षी क्लब बदलणाऱ्याची ही फाइल चार गावांत विखुरते.