प्रतिसाद: कुर्डुवाडीचं जुनं नाव

बार्शी लाइट रेल्वेने १८९७ मध्ये कुर्डुवाडी वसवली, असं मूळ लिखाणात म्हटलंय. हे अर्धंच खरं आहे. पुण्याकडून सोलापूरला जाणारा मोठा रूळ इथे १८५९ मध्येच पोचला होता आणि स्टेशनचं नाव होतं ‘बार्शी रोड’! बार्शीची मोठी बाजारपेठ इथून वीसेक मैलांवर, म्हणून ते नाव. बार्शी लाइट रेल्वे उभारणाऱ्या कॅलथ्रॉप या इंजिनिअरची अडीच फूट रुंद रुळांवरची छोटी गाडी यायच्या आधी जवळजवळ चाळीस वर्षं बार्शीचा माल बैलगाड्यांनीच या स्टेशनात यायचा.

छोट्या गाडीने गाव वाढवलं हे मात्र शंभर टक्के मान्य. कारण रुळांची रुंदीच वेगळी! डबे पुढे जाऊ शकत नसत, त्यामुळे प्रत्येक पोतं इथे उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावं लागे. त्यावर किती हमालांची घरं चालली असतील! शिवाय रेल्वेचा कारखानाही इथेच. लहानपणी पंढरपूरला जाताना आम्हीही इथेच गाडी बदलायचो. आजीचा हात धरून त्या इवल्याशा डब्यात चढल्याचं अजून लख्ख आठवतं. २००१ च्या सुमारास पंढरपूरच्या मार्गाचे रूळही मोठ्या रुंदीचे झाले.