पाळी आहे तोवर ठीक, पण पुढे?

‘बायकांना इन्सुलिन रेझिस्टन्सचा, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीर नीट दाद देईनासं होण्याचा, धोका कमी’ हे तुमचं म्हणणं पाळी चालू असेपर्यंत बरंचसं खरं आहे. इस्ट्रोजेनमुळे चरबी मांड्या-नितंबांवर साठते, पुरुषांसारखी पोटात आतड्यांभोवती आणि यकृतात कमी; आणि हा धोका वाढवते ती ही आतली चरबीच. पाळी गेली की हे कवच उतरू लागतं. माझ्या आईचं वजन पन्नाशीनंतरही तेवढंच होतं, पण परकराची नाडी पुरेना. साखर वाढल्याचं आम्हाला फार उशिरा कळलं, त्याची अजून हळहळ वाटते. आणि पीसीओएस (संप्रेरकांचा बिघाड, ज्यात पाळी अनियमित होते) असलेल्या मुलींना तर विशीतही हे कवच पुरत नाही, सडपातळ असल्या तरी. ‘लग्नानंतर होईल सगळं नीट’ म्हणून त्यांची बोळवण करू नका हो! भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८०.