मदत हवी आहे: घरी बनवलेल्या पिकअपवर डी आणि जी वाजतच नाहीत

धुणधुण
इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप (तारांचा कंप विजेत बदलणारी मॅग्नेट आणि कॉइलची जोडी) घरी बनवलाय, सगळा भंगारातून. वाजतो, पण डी आणि जी या दोन तारा जवळपास ऐकूच येत नाहीत, बाकीच्या चार ठीक. फिरोदिया करंडकाच्या (कॉलेजांची स्पर्धा) तालमी चालू आहेत, शनिवारपर्यंत गिटार लागणारे, त्यामुळे "नवीन घे" प्लीज सांगू नका. मॅग्नेट पण जबरी आहे, स्क्रूड्रायव्हर चिकटला की निघत नाही. काय चुकतंय??

मिस्त्रीकाका
अरे बाबा तार कुठली, टर्न (वेढे) किती, मॅग्नेट कशातला, जोडलंयस कशाला? यातलं काहीच लिहिलेलं नाहीस.

धुणधुण
सॉरी काका. तार जुन्या एलिमिनेटरच्या ट्रान्सफॉर्मरची, प्रायमरी सोडवली, दोनदा तुटली, मग वरचं इनॅमल खरवडून सोल्डरचा डाग दिला. आईच्या शिलाई मशीनच्या बॉबिन भरायच्या चाकावर गुंडाळली, अंदाजे २२०० टर्न. वरखालच्या पट्ट्या बाद एटीएम कार्ड कापून, मधे सहा लोखंडी स्क्रू. मीटर ७०० ओहम दाखवतो. तारा स्टीलच्याच आहेत.

ओहमशांती
७०० म्हणजे काहीच नाही रे. स्ट्रॅट गिटारच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) एका कॉइलच्या पिकअपला ८ हजाराच्या आसपास टर्न असतात, मीटरवर साधारण ६ हजार ओहम. तपकीर गल्लीतून वायर आण, पण ४२ नंबर मागू नकोस!! नेटवर लिहितात तो ४२ अमेरिकन गेज (तारेच्या जाडीचं माप), ०.०६३ मिमी. आपल्याकडे एसडब्ल्यूजी, म्हणजे ब्रिटिश गेज चालतो आणि त्यातला ४२ म्हणजे ०.१ मिमी, जाड. तुला ४६ नंबर लागेल. मी चुकीची पाव किलो आणलेली अजून माळ्यावर पडलीय, कुणाला हवी तर सांगा.

सदाशिवपेठी
एवढे कष्ट कशाला? बझरमधली पिएझोची चकती (कंपाने वीज देणारी) काढायची, ब्रिजखाली (तारा टेकतात तो भाग) चिकटवायची, दहा मिनिटांत काम.

ओहमशांती
पिएझोला तार नाही, लाकूड ऐकू येतं. ड्राइव्ह (आवाज फाडणारा इफेक्ट) लावला की शिट्टी. त्याने पिकअपबद्दल विचारलंय.

सदाशिवपेठी
माझ्या मेंडोलिनवर चार वर्षं चालू आहे.

ओहमशांती
मेंडोलिनवर ड्राइव्ह लावता का तुम्ही?

मिस्त्रीकाका
भांडा नंतर. टर्न कमी असते तर सहाही तारा सारख्याच बारीक वाजल्या असत्या, नेमक्या मधल्या दोनच का जातील? मॅग्नेट कशातला ते अजून सांगितलेलं नाहीस.

धुणधुण
हार्ड डिस्कमधला. जुन्या बाजारातून बंद डिस्क आणून फोडली. एकच आहे, स्क्रूंच्या खाली बरोबर मधोमध चिकटवलाय.

मिस्त्रीकाका
मग झालं. हार्ड डिस्कच्या मॅग्नेटला एकाच तोंडावर दोन्ही पोल असतात, अर्ध्यात नॉर्थ, अर्ध्यात साउथ, डिस्कमधल्या कॉइलला तसंच लागतं. मधल्या रेषेवर जोर जवळपास शून्य आणि तुझ्या डी-जी बरोबर तिथेच आल्या. दुसरा एखादा मॅग्नेट एकाच बाजूने धरून त्याच्यावरून सरकवत ने, अर्ध्या भागात ओढेल, अर्ध्यात ढकलेल.
तो काढून टाक. कपाटाच्या दाराचा मॅग्नेट कॅच मिळतो ना हार्डवेअरच्या दुकानात, तो फोड, आत काळा सपाट फेराइट असतो. तसे दोन-तीन ओळीने लाव, सगळ्यांची एकच बाजू वर. शिवाय डिस्कचा मॅग्नेट तारेच्या जवळ गेला की तारच ओढून धरतो, वरच्या फ्रेटवर सूर हलतो.

गुंडाळी
टर्न अंदाजे का मोजतोस? स्वस्तातल्या कॅल्क्युलेटरच्या = बटणाला रीड स्विच (मॅग्नेट जवळ आला की जोडला जाणारा) जोड, चाकाला छोटा मॅग्नेट, १ + १ करून सोडून दे, प्रत्येक फेरीला एक वाढतो. माझ्या कॅल्क्युलेटरचं बटण त्यात गेलं, ती गोष्ट वेगळी.

अभंगवाला
गिटार शिकवणारे कोथरूडमध्ये कुणी चांगले आहेत का? मुलगी आठवीत आहे.

सदाशिवपेठी
व्यनि (खाजगी निरोप) करतो.

धुणधुण
काका, ढकलतोय!! खरंच अर्धा ओढतो अर्धा ढकलतो. सकाळी दोन कॅच आणले, बाबांनी विचारलं कपाट बिघडलं का. डी-जी आता बाकीच्यांच्या बरोबरीने वाजतायत. आवाज सगळ्यांचाच थोडा बारीक झालाय पण अँप वाढवून चालतंय, ४६ नंबर फिरोदिया झाल्यावर. फक्त घूं घूं आहे, तारांना हात लावला तरी कमी होत नाही.

मिस्त्रीकाका
आणि जॅकच्या बाहेरच्या धातूला बोट लावलं तर?

धुणधुण
कमी होतो.

मिस्त्रीकाका
ब्रिजला वायर जोडलेली नाहीस, म्हणून तारा अर्थला लागलेल्याच नाहीत. ब्रिजच्या खाली उघडी तार दाबून बसव आणि तिचं दुसरं टोक जॅकच्या अर्थला डाग दे.