मदत हवी आहे: मीडियम फॉरमॅट कॅमेरा हातात धरून रस्त्यावरचे फोटो, निम्मे वाया जातात

नमस्कार मंडळी,

प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमकं उत्तर मिळणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी कोल्हापूरचा. दीड महिन्यापूर्वी सेकंडहँड फुजीफिल्म जीएफएक्स ५०आर घेतला (मीडियम फॉरमॅट, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा मोठा सेन्सर), सोबत ६३ एमएम एफ २.८ लेन्स. त्याआधी बरीच वर्षं फुल फ्रेम वापरला, त्यामुळे एक्स्पोजरचं बेसिक पक्कं आहे. हा कॅमेरा घेतला तो एकाच कामासाठी: गंगावेशीतला दूध कट्टा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तिथे म्हशी येतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि माणसं तिथेच उभ्या उभ्या ग्लास तोंडाला लावतात. माझे मामा कित्येक वर्षं तिथं म्हशी घेऊन यायचे. सुट्टीत ग्लास विसळून द्यायचं काम माझं. गेल्या वर्षी गुडघ्यांमुळे त्यांनी म्हशी विकल्या. त्यांच्या जोडीचे जे लोक अजून येतात त्यांचे फोटो मला ३० बाय ४० इंचात छापायचेत आणि जमलं तर शाहू स्मारकच्या कलादालनात लावायचेत. ५०आरची फाइल ८२५६ बाय ६१९२ पिक्सेलची, म्हणजे त्या मापाला इंचाला दोनशेच्या वर पिक्सेल मिळतात. हिशेब बरोबर होता.

अडचण अशी की निम्मे फोटो उपयोगाचे नाहीत. छोट्या स्क्रीनवर छान दिसतात, घरी येऊन शंभर टक्क्यांवर उघडले की जीव खाली बसतो. एक फोटो तर डोळ्यांसमोरून जात नाही. म्हातारबाबा ग्लास पुढं करताहेत, काठावरून फेस ओघळतोय, मागं म्हशीनं मान वळवलीय. आणि धारदार काय आलंय, तर त्यांच्या सदऱ्याचं दुसरं बटण. चेहरा मऊ.

सेटिंग: एफ २.८ (लेन्स पूर्ण उघडी), शटर १/६० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६००, ऑटोफोकस सिंगल. जागा ट्यूबलाइट आणि एलईडीच्या उजेडातली. आवाज नको म्हणून बऱ्याचदा इलेक्ट्रॉनिक शटर. ट्रायपॉड तिथे शक्य नाही. गर्दी असते, म्हैस कधी सरकेल सांगता येत नाही, आणि तीन पाय रोवले की समोरची माणसं ताठ होतात.

माझं काय चुकतंय? की हा कॅमेरा हातात धरून रस्त्यावर वापरण्याचा नाहीच? चैत्रात जोतिबाची यात्रा आहे, तिथेही हाच न्यायचा विचार आहे. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

आधी फोटो का बिघडले ते वेगवेगळं करा. आपण सगळ्याला ‘हलला’ म्हणतो, पण दुखणी तीन आहेत. फ्रेममधली भिंतीवरची पाटी बघा. पाटीसकट सगळं एकाच दिशेनं ओढल्यासारखं दिसत असेल तर तुमचा हात हलला. पाटी स्वच्छ आणि माणूस पुसट, तर माणूस हलला. आणि माणूस पुसट पण त्याच्या वीतभर पुढचं किंवा मागचं काहीतरी लखलखीत, तर फोकस चुकला. तुमचं बटण तिसऱ्या प्रकारात येतं.

६३ एमएम, एफ २.८, अंतर अडीच मीटर धरलं तर या सेन्सरवर फोकसची खोली, म्हणजे पुढेमागे धारदार दिसणारा पट्टा, जेमतेम फूटभर येते, तीही नेहमीच्या छपाईचा निकष लावून. तुम्ही ४० इंची प्रिंट जवळून बघणार, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून कमी. त्यात ५०आरचा ऑटोफोकस फक्त कॉन्ट्रास्टवर, म्हणजे चित्र कुठं सगळ्यात ठळक होतं ते शोधत चालतो, कमी उजेडात तो पुढेमागे चाचपडतो. तेवढ्या वेळात माणूस ग्लास द्यायला वाकला की संपलं.

सगळे फोटो या तीन ढिगांत लावा आणि आकडे इथं टाका. मग बोलू.

प्रतिसाद २

इलेक्ट्रॉनिक शटर आजच बंद करा. हा सेन्सर ओळीओळीनं वाचला जातो आणि या पिढीत ते काम फार सावकाश होतं. म्हशीची शेपटी, चालणारा माणूस, सगळं तिरकं होणार. वर एलईडीच्या उजेडात आडवे पट्टे येणार ते वेगळेच. मेनूत इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन आहे (शटरचा पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक, दुसरा खरा), ते लावा. आवाज येईल, पण पहिल्या पडद्याचा धक्का जाईल. गंगावेशीत तुमच्या शटरचा आवाज कोणाला ऐकू जातोय?

आणि १/६० विसरा. ‘फोकल लेंग्थ इतका शटर स्पीड’ हा नियम फिल्मच्या छोट्या प्रिंटांसाठी ठीक होता. या बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) नाही आणि तुम्ही प्रत्येक पिक्सेल तपासणार आहात. ६३ एमएमला हाताचा कंप जायला मला १/१६० तरी लागतो, चालत्या माणसांना १/२५०. ऑटो आयएसओत किमान शटर स्पीड बांधून ठेवा आणि वरची मर्यादा ६४०० करा. १६०० वर अडून बसू नका. वाढत्या आयएसओचे दाणे छपाईत पोटात घेतले जातात, हललेला डोळा कुठलाच कागद पोटात घेत नाही.

प्रतिसाद ३

माझं मत थोडं कडू आहे, राग मानू नका. विकून टाका आणि स्टॅबिलायझेशनवाली बॉडी घ्या. २०२१ मध्ये आलेल्या फुजीच्याच ५०एस टू मध्ये तोच ५० मेगापिक्सेल वर्ग आहे आणि स्टॅबिलायझेशन कंपनी साडेसहा स्टॉप सांगते (एक स्टॉप म्हणजे दुप्पट सावकाश शटर चालतो). १००एस मध्ये न चाचपडता थेट जागेवर जाणारा फेज डिटेक्ट फोकसही आहे. रस्त्यावर दुसरी संधी मिळत नाही.

प्रतिसाद २ (पुन्हा)

@प्रतिसाद ३, १००एसबद्दल फोकसच्या बाबतीत सहमत. पण ५०एस टू घेऊन यांचं काय सुटणार? स्टॅबिलायझेशननं फक्त हात सावरतो. समोरचा माणूस हलायचा थांबत नाही, आणि फोकस तिथंही कॉन्ट्रास्टवरच आहे. आधी ढीग लावू द्या त्यांना.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दोन वाजेपर्यंत बसून ढीग लावले. २१२ फोटोंपैकी ९७ चांगले. बिघडलेल्या ११५ मध्ये फोकस चुकलेले ६८, माणूस किंवा म्हैस हललेली ३१, आणि माझा हात हललेले फक्त १६. मी महिनाभर श्वास रोखून, कोपर पोटाला टेकवून सराव करत होतो, आणि खरं दुखणं भलतंच निघालं.

विकण्याबद्दल: दादा, राग नाही. पण आता पुन्हा तेवढे पैसे घालणं शक्य नाही. शिवाय जे ९७ बरे आलेत त्यांतला एक म्हशीच्या नाकपुडीचा आहे. ओल्या काळ्या कातड्यावर ट्यूबलाइटची रेघ, आणि प्रत्येक केस मोजता येईल असा. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात असं कधी आलं नव्हतं. हा सोडवत नाही.

आता फोकसचं काय करू? झोन फोकस (एका अंतरावर फोकस बांधून छिद्र लहान ठेवायचं) करून बघितलं, पण एफ ८ ला तिथं उजेडच पुरत नाही.

प्रतिसाद १

बरोबर, रात्री नाहीच पुरणार. झोन फोकस दिवसाचा खेळ. महाद्वार रोडवर ऊन असताना ५० एमएम एफ ३.५ लावून एफ ११ ला तीन मीटरवर फोकस ठेवला तर साधारण दोन ते सहा मीटरमधलं सगळं येतं. सावलीतही आयएसओ १६०० ला १/५०० मिळतो. ६३ला ही पट्टी बरीच आखूड होते, हे लक्षात घ्या. आणखी एक: व्ह्यूफाइंडरमधली अंतराची पट्टी मेनूतून ‘पिक्सेल’ किंवा ‘फिल्म’ हिशेबानं दाखवता येते. मोठ्या छपाईसाठी पिक्सेलचा हिशेब ठेवा. पट्टी बारीक दिसेल, पण खरी दिसेल.

रात्रीसाठी उलटा विचार करा. धार काढणारा माणूस कुठं बसतो? रोज त्याच जागी, त्याच अंगानं. मॅन्युअल फोकसवर जा, तो बसायच्या आधी जागा बघून ठेवा, बसला की मागच्या एएफ बटणानं एकदाच त्याच्या चेहऱ्यावर फोकस घ्या आणि मग हात लावू नका. शटर दाबताना कॅमेरा पुन्हा शोधत बसणार नाही. तुम्ही फक्त अंतर राखा. तो वाकला तर तुम्ही तेवढेच मागे झुका. दोन-तीन दिवसांत अंगवळणी पडतं.

प्रतिसाद ४

मी लग्नाचे फोटो याशिका मॅट या जुन्या फिल्म कॅमेऱ्यावर काढायचो. एकशेवीसच्या रोलमध्ये बारा फोटो. फ्लॅश जळायचा, रोल संपायचा, तरी कामं व्हायची, कारण आधी उभं कुठं राहायचं ते ठरवायचो. त्या कॅमेऱ्यात वरून, खाली मान घालून बघायचं. व्हिव्हियन मायर या फोटोग्राफर बाईनं शिकागोच्या रस्त्यांवर तसल्याच रोलायफ्लेक्स कॅमेऱ्यानं असंच काम केलं, तेही मीडियम फॉरमॅटच.

तुमच्या ५०आरचा स्क्रीन वर उचलता येतो ना? मग तो डोळ्याला लावू नका. पट्टा गळ्यात, थोडा आखूड, कॅमेरा छातीच्या खाली दोन्ही हातांत, आणि पट्टा ताणून धरा. अकराशे-बाराशे ग्रॅमचं वजन असं मानेवर विभागलं की हात थरथरत नाही; वजन उलट मदतच करतं. दुसरा फायदा मोठा आहे. तुमचा चेहरा झाकला जात नाही. समोरच्याशी बोलता येतं. दूध घ्या, चार गोष्टी विचारा, मामांचं नाव सांगा. ती माणसं तुम्हाला लहानपणापासून ओळखत असतील, बाळा. लपून काढायची गरजच काय?

प्रतिसाद ५

जोतिबाबद्दल लिहिते, कारण तीन वर्षं जातेय. सासनकाठ्या (देवाच्या उंच, सजवलेल्या काठ्या) नाचायला लागल्या की गुलाल ढगासारखा उडतो. वर पोहोचल्यावर लेन्स अजिबात बदलायची नाही. जी लावाल ती खालीच लावा, पुढं फिल्टर, आणि बॉडी प्लॅस्टिकच्या पिशवीत, लेन्सपुरतं भोक पाडून रबरबँडनं बांधलेली. घरी आल्यावर ओलं फडकं लावू नका, गुलालाची पेस्ट होते आणि डायलच्या खाचांत बसते. आधी मऊ ब्रश, मग ब्लोअर, मग कोरडं फडकं. मी पहिल्या वर्षी ओलं पुसलं होतं, शटरच्या डायलवर अजून गुलाबी कड आहे.

काठ्यांसाठी १/५०० च्या खाली जाऊ नका. दिवसा उजेड भरपूर असतो.

धागाकर्ता

तीन संध्याकाळी जाऊन आलो. १/१६०, आयएसओ ६४००, एफ ३.५, फ्रंट कर्टन, फोकस आधी बांधलेला, कॅमेरा छातीखाली. ८४ फोटो, त्यांत ६१ स्वच्छ.

काका, तुम्ही म्हणालात तसं मामांचं नाव सांगितलं. बटणवाले म्हातारबाबा पहिल्यांदा कॅमेऱ्याकडं न बघता माझ्याकडं बघून हसले. “तू ग्लास विसळणारा व्हय?” म्हणाले. तो फोटो फोकसमध्ये आहे. डोळ्यांत ट्यूबलाइट दिसतेय आणि मिशीवर दुधाचा पांढरा थेंब. मामांना दाखवायला उद्या प्रिंट काढून नेतोय.

ताई, जोतिबाला एकच लेन्स न्यायची तर ६३ नेऊ, की कोणाकडून चार दिवसांसाठी ५० मागून घेऊ?

प्रतिसाद ५

५० घ्या. हलकी आहे, फोकसची मोटर चपळ आहे, आणि काठी जवळ आली की मागं सरकायला तिथं जागा नसते.