पाच जणांचा गट, रात्रीची वेळ: एक्स्पान्शन आताच घ्यावी का?

डिचोलीकर_५
आम्ही पाच जण आहोत, तिघे डिचोलीत, एक फोंड्याला, एक मडगावला. वेळ रात्री साडेनऊ ते साडेअकरा, आठवड्यातून तीन दिवस. चवथीच्या सुट्टीत गिल्ड वॉर्स २ किंवा फायनल फँटसी १४ यांपैकी एक ऑनलाइन खेळ सुरू करायचा आहे. सगळ्यात नवी एक्स्पान्शन (मूळ खेळाला जोडणारा विकतचा नवा भाग) पहिल्याच दिवशी घ्यावी का? सर्व्हर कुठला निवडावा? स्वतःची गिल्ड, म्हणजे खेळाडूंचा कायमचा संघ, काढावी की चालू गिल्डमध्ये शिरावं?

रापणकार
एक्स्पान्शनचं नंतर पाहू, आधी डोकी मोजा. फायनल फँटसीत डंजनची (गटाने पार करायच्या बंदिस्त मोहिमेची) पार्टी चौघांची असते: एक टँक म्हणजे मार झेलणारा, एक हीलर म्हणजे बरं करणारा, दोन मारणारे. म्हणजे तुमच्यातला एक जण दर वेळी बाहेर बसणार, आणि दोन-तीन आठवड्यांत तोच आधी गळतो. त्यापुढच्या लढाया आठ जणांच्या, तिथे तीन अनोळखी लागतात. गिल्ड वॉर्स २ मध्ये पार्टीच पाचांची आहे, डंजन आणि फ्रॅक्टल (तशाच छोट्या मोहिमा) दोन्ही पाचांसाठी. तुमच्या गटाला तोच खेळ बसतो असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं कारण वेगाचं. गिल्ड वॉर्स २ ची कमाल पातळी २०१२ पासून ८० च आहे आणि असेन्डेड दर्जाचं सामान अजूनही आकड्यांत सर्वात वरचं आहे. कुणी दोन महिने आला नाही तरी परतल्यावर मागे पडत नाही. फायनल फँटसीत मुख्य कथा क्रमाने पुरी केल्याशिवाय पुढची एक्स्पान्शन उघडत नाही, आणि कथेतल्या काही लढाया एकट्यानेच लढाव्या लागतात. पाचांचा वेग वेगळा असला की गट कथेतच विखुरतो.

खाजन
खरेदीचं सांगतो, कारण पैसे इथेच वाया जातात.

गिल्ड वॉर्स २ ला महिन्याची फी नाही. पाचही जण फुकट खात्यावर ८० पर्यंत जा. मग हार्ट ऑफ थॉर्न्स (२०१५) आणि पाथ ऑफ फायर (२०१७) ही जोडी घ्या. पहिलीत ग्लायडिंग म्हणजे हवेत तरंगत जाणं मिळतं, दुसरीत माउंट म्हणजे स्वारीचे प्राणी. मात्र पाचांनी एकाच आठवड्यात घ्या. एकाकडे रॅप्टर हा माउंट आणि बाकीचे पायी, असं झालं की नकाशावर कुणी कुणासाठी थांबत नाही. नव्या एक्स्पान्शन त्यानंतर.

तरीही फायनल फँटसी निवडलीत, तर फ्री ट्रायलला मुदत नाही. पातळी ७० पर्यंत, हेवन्सवर्ड आणि स्टॉर्मब्लड या एक्स्पान्शनसकट सगळं त्यात येतं. अडचण अशी की ट्रायल खात्याला पार्टी तयार करता येत नाही, बाजार वापरता येत नाही, फ्री कंपनीत म्हणजे तिथल्या गिल्डमध्ये जाता येत नाही, आणि गिल, म्हणजे खेळातले पैसे, ३ लाखांवर साचत नाहीत. त्यामुळे निदान एकाकडे विकतचं खातं हवं, आमंत्रण तोच पाठवेल. आणि हे नीट लक्षात ठेवा: एकदा विकत घेतलं की त्या खात्यावर ट्रायल परत मिळत नाही. मूळ खेळ स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतला असेल तर एक्स्पान्शनही स्टीमवरच घ्यावी लागते, बाहेरचा कोड चालत नाही.

नवी एक्स्पान्शन आली त्याच आठवड्यात सुरुवात करू नका. डिसेंबर २०२१ मध्ये फायनल फँटसीची एन्डवॉकर आली तेव्हा लॉग-इनची रांग १७ हजारांवर गेली की एरर २००२ येऊन खेळाडू बाहेर फेकले जात होते. शेवटी खेळ काढणाऱ्या कंपनीने काही काळ विक्रीच थांबवली होती.

डिचोलीकर_५
फायनल फँटसीचा ऑस्ट्रेलियातला सर्व्हर किंवा जपान आपल्याला जवळ नाही का पडणार?

मांडवीपार
नुसतं अंतर पाहू नका, घड्याळ पाहा. आपले रात्रीचे साडेनऊ म्हणजे टोकियोत रात्रीचा एक, सिडनीत दोन किंवा तीन. मध्य युरोपात तेव्हा संध्याकाळचे पाच, उन्हाळ्यात सहा. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, थोडा जास्त असला तरी माणसं युरोपातच जागी सापडतील. गिल्ड वॉर्स २ मध्ये तर पर्याय युरोप आणि उत्तर अमेरिका एवढेच आहेत. खातं काढतानाच पाचांनी एकच निवडा.

पिंगमुळे मार बसतो त्याचं कारण साधं आहे: तुम्ही कुठे उभे होता हे सर्व्हर ठरवतो, तुमचा पडदा नाही. शत्रूचा वार कुठे पडणार ते दाखवणारं जमिनीवरचं लाल वर्तुळ भरायच्या थोडं आधीच बाहेर पडायची सवय लावा. वाय-फाय नको, लॅन केबल लावा.

पावसात वीज लुकलुकली की इन्व्हर्टरवरचा पीसी चालू राहतो, पण राउटर बंद पडतो. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर बॅकअप दोन्हींना हवा. मिनी यूपीएस घेताना अ‍ॅडाप्टरवरचे व्होल्ट तंतोतंत जुळवा, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील. ज्याच्याकडे वीज वारंवार जाते त्याला टँक किंवा हीलर करू नका.

गिल्ड दोन्ही करा. गिल्ड वॉर्स २ मध्ये एका खात्याला पाच गिल्ड चालतात, म्हणजे पाचांची एक स्वतःची आणि युरोपातली एक मोठी. दहा जणांच्या रेडसाठी, म्हणजे मोठ्या अवघड लढाईसाठी, उरलेले पाच त्या मोठीतून मिळतील.