शेजाऱ्यांचं भांडण हसिदी रब्बींनी मिटवावं की कोर्टानं?

ओसरी: न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग आणि बरो पार्क भागातल्या हसिदी (कर्मठ पंथाच्या) ज्यूंमध्ये शेजाऱ्यानं नको तिथे खिडकी काढली किंवा गॅलरी वाढवली, तर तक्रार आधी बेस दिनकडे, म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) न्यायासनाकडे न्यायची अशी रीत आहे. मला ती कोर्टापेक्षा सरस वाटते. अनेकदा दोन्ही पक्ष एकेक दायान (न्याय देणारा रब्बी) निवडतात आणि तिसरा त्या दोघांच्या संमतीनं ठरतो. 'शुल्हान आरूख' ही धर्मसंहिता सांगते, की सुनावणीआधी पक्षकारांना विचारा: निवाडा हवा की तडजोड? कोर्टात एक जिंकतो, दुसरा हरतो, आणि दोघांना वापरायचा जिना तोच असतो.

शेजारधर्माचा विचार तर किती बारीक! सुमारे 1800 वर्षांपूर्वीच्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात सामाईक अंगणात दारासमोर दार आणि खिडकीसमोर खिडकी काढायला मनाई आहे. दुसऱ्याच्या घरात डोकावता येणं हीच हानी मानली आहे.

परखड_मत: निवाडा की तडजोड हे विचारतात, मान्य. पण बेस दिनकडे यायचं की नाही, हे कोण विचारतं? बोलावणं धुडकावलं तर 'सेरुव' निघतो, म्हणजे हा माणूस न्यायासनाला जुमानत नाही असा जाहीर ठपका. सोयरीक, दुकान, मुलांची शाळा सगळं त्याच समाजात असताना वाळीत पडायची भीती घेऊन माणूस तडजोडीला 'हो' म्हणतो, ती संमती मी मानत नाही. न्यायासनावर सगळे पुरुष. आणि सातमार या हसिदी पंथाचे रेबे (प्रमुख गुरू) मोशे टायटेलबाउम 2006 साली वारले, त्याआधीच वारशावरून त्यांच्या दोन मुलांच्या गटांचं भांडण कुठे गेलं होतं? न्यूयॉर्कच्या कोर्टात!

ओसरी: तो वाद गादीचा आणि संस्थेच्या मालमत्तेचा होता, खिडकीचा नव्हे. 2007 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानंही तो धार्मिक प्रश्न म्हणून सोडवायला नकार दिला. आणि बेस दिनपुढे दोन्ही पक्ष लवादाच्या करारावर सही करतात. त्यामुळे निवाडा कोर्टातून अमलात आणता येतो, तसाच फसवणूक किंवा पक्षपात सिद्ध झाला तर रद्दही करून घेता येतो.

परखड_मत: रद्द करून घ्यायला कोर्टातच जायचं ना? धर्मशास्त्रानं बेस दिनच्या परवानगीशिवाय ज्याला मनाई केली आहे, तिथेच! हा हक्क बजावायची हिंमत त्या गल्लीत किती जण करतील?

पिंपळपार: तुम्ही दोघंही शेजारी हसिदीच धरून चालला आहात. दक्षिण विल्यम्सबर्गमध्ये पोर्तो रिकन कुटुंबंही कित्येक दशकं राहत आहेत, आणि घरांवरून तिथे दोन्ही समाजांत जुना संघर्ष आहे. त्यांच्या खिडकीचा वाद बेस दिन कसा सोडवणार? त्यांना तो कायदाही परका आणि दायानही. ओसरी, एकाच समाजातल्या दोघांपुरतं तुमचं म्हणणं पटतं, तेही दोघं तितकेच वजनदार असतील तर. भाडेकरू विरुद्ध पंथाला देणग्या देणारा घरमालक असा सामना असेल, तर मी भाडेकरूला कोर्टाचाच रस्ता दाखवीन.